एका नाल्याला एकच वही हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याच्या तयारीविषयी पत्रे साधारण मे महिन्यात छापून येतात. आम्ही हे पत्र जानेवारीतच पाठवत आहोत, कारण यातले बहुतेक काही मे महिन्यात सांगून उपयोगाचे नाही. गाळ काढण्याची निविदा, रेल्वेकडे मागायचा ब्लॉक (कामासाठी गाड्या थांबवून दिलेला वेळ), कांदळवनासंबंधीची परवानगी आणि औद्योगिक पट्ट्यातल्या गाळाची तपासणी, या चार गोष्टींना आठवडे नव्हे, महिने लागतात. त्या एकामागून एक घेतल्या तर पावसाळा आधी येतो आणि परवानगी नंतर.

शिवाय पावसाने आपली तारीखही बदलून दाखवली आहे. मुंबईत मोसमी पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून मानली जाते. २०२५ साली तो २६ मे रोजी येऊन धडकला. तरीही कंत्राटांत ‘३१ मेपर्यंत नालेसफाई पूर्ण’ हे वाक्य वर्षानुवर्षे तसेच उतरवले जाते. ती मुदत १५ मे करावी, आणि मुदत म्हणजे काम संपल्याचा दाखला देण्याची नव्हे, तर काम तपासून झाल्याची तारीख असे करारात स्पष्ट लिहावे.

आता मूळ मुद्दा. नवी मुंबईतला कोणताही मोठा नाला घ्या. पारसिकच्या डोंगररांगेवर पडलेले पाणी आधी वन विभागाच्या उतारावरून आणि जुन्या दगडखाणींमधून खडी, मुरूम घेऊन खाली येते. मग ते ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात, म्हणजे एमआयडीसीच्या नाल्यात शिरते. पुढे ठाणे-बेलापूर रस्त्याखालची मोरी, त्यानंतर रेल्वेमार्गाखालची मोरी. तिथून ते नोडमध्ये, म्हणजे शहराच्या नियोजित वसाहतीत, येते. नोड सिडको या शहर उभारणाऱ्या सरकारी महामंडळाने आखले आणि बांधले, देखभाल महापालिकेकडे. मग धारण तलाव, ज्याला आपण सगळे होल्डिंग पाँड म्हणतो. तलावाच्या तोंडाशी भरतीचे पाणी अडवणाऱ्या झडपा असतात, त्यांच्यापलीकडे कांदळवन, म्हणजे पुन्हा वन विभाग आणि उच्च न्यायालयाचे आदेश. त्यापुढे खाडी. जेमतेम काही किलोमीटरची वाट, आणि तिच्यावर निदान पाच यंत्रणांची मालकी.

या सगळ्यांची पावसाळापूर्व बैठक दरवर्षी होते. प्रत्येक जण आपापली यादी वाचतो, आपल्या हद्दीत किती टक्के काम झाले ते सांगतो. पण ‘अमुक नाला’ म्हणून वरपासून खालपर्यंतचा आकडा त्या बैठकीत कोणाकडेच नसतो. वरचा भाग ९५ टक्के साफ आणि मधली मोरी निम्मी बुजलेली असेल, तर नाला निम्माच साफ असतो. सरासरी काढून हे लपते, आणि पहिल्या मोठ्या पावसात उघडे पडते.

म्हणून आमची मागणी एका ओळीची आहे: यंत्रणानिहाय याद्या बंद करून नालानिहाय वही ठेवा. डोंगरापासून झडपेपर्यंत एक नाला, एक वही. तिच्यात साखळी क्रमांकाप्रमाणे, म्हणजे नाल्यावरच्या अंतराच्या खुणांप्रमाणे, प्रत्येक तुकडा कोणाचा, मोरीची रुंदी-उंची किती, तळाची पातळी किती, कोणत्या नळवाहिन्या आणि केबल आडव्या जातात, गाळ आधी किती आणि नंतर किती, आणि त्या तुकड्याला जबाबदार अधिकाऱ्याचे व त्याच्या पर्यायी अधिकाऱ्याचे पद. नाव लिहू नका, बदल्या होतात, पद लिहा. या वहीची प्रत पाचही यंत्रणांकडे असावी आणि कोणाही एकीला दुसरीचे रकाने भरता येऊ नयेत.

आडव्या नळवाहिन्यांचा उल्लेख मुद्दाम केला. मोरीच्या तोंडाशी आडवी गेलेली एक पाइपलाइन प्लॅस्टिक, फांद्या, थर्माकोल अडवून धरते आणि तासाभरात तिथे बांध तयार होतो. ती कोणाची हे त्या क्षणी शोधावे लागते. मोऱ्यांचे गणितही लोकांना माहीत असावे. तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच मोरीत साठ सेंटिमीटर गाळ बसला, तर उघडे क्षेत्र तीस टक्क्यांनी घटते. वहनक्षमता त्याहून जास्त घटते, कारण उरलेल्या पाण्याला क्षेत्राच्या मानाने जास्त भिंत आणि तळ घासत जावे लागते. रेल्वेखालची मोरी साफ करायला ब्लॉक लागतो आणि ब्लॉकची आखणी रेल्वे आपल्या वेळापत्रकाने करते. त्यामुळे महापालिकेने आपला भाग एप्रिलमध्ये आणि रेल्वेने आपली मोरी मेअखेर साफ केली, तर मधल्या काळात वरून सुटलेला गाळ येऊन त्याच मोरीत बसतो.

कामाचा क्रम खालून वर हवा. आधी खाडीकडचे तोंड आणि झडपा, मग तलावाला मिळणारा प्रवाह, मग मोऱ्या, शेवटी औद्योगिक पट्टा आणि डोंगराचा पायथा. अनेकदा उलटे होते, कारण वरचा भाग कोरडा असतो, तिथे पोकलेन सहज उतरतो आणि छायाचित्र चांगले येते. डोंगराच्या पायथ्याशी मात्र एक काम आधी करता येते: गाळ-खडी अडवणारे खड्डे आणि दगडी बंधारे मार्चमध्येच रिकामे करणे. ते भरलेले राहिले तर खाणीतली भुकटी थेट मोऱ्यांत येते.

काढलेला गाळ काठावर ठेवणे हा जुना रोग आहे. ओला गाळ उचलताना डंपर गळतो म्हणून तो दोन-तीन दिवस सुकवणे योग्यच, पण तिसऱ्या दिवशी तो उचलला गेला पाहिजे. उन्हाळी सरीने तो पुन्हा नाल्यात गेला तर त्याचे पैसे दोनदा जातात. आणि गाळ डंपरच्या फेऱ्यांत मोजू नये. फेऱ्यांत पाणी, डेब्रिज आणि माती एकाच भावात मोजली जाते. दर पंचवीस मीटरवर आधीची आणि नंतरची खोली काठीने किंवा लेव्हल (पातळी मोजण्याचे उपकरण) लावून मोजा, ती वहीत लिहा, आणि देयक त्या फरकावर काढा. औद्योगिक नाल्यांतल्या गाळाचे आणखी एक आहे. त्यात रसायने असू शकतात. तो कुठल्याही भरावावर टाकता येत नाही. नमुने तपासून विल्हेवाटीची जागा ठरवावी लागते. नमुने जानेवारीत घेतले तर अहवाल वेळेत हाती येतो. मे महिन्यात घेतले तर गाळ काठावरच राहतो, किंवा रात्री कुठेतरी टाकला जातो.

इथपर्यंतचे कुठल्याही शहराला लागू पडेल. नवी मुंबईचा प्रश्न त्याहून अवघड आहे, कारण नोडांचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहे. खाडी चढली की झडपा आपोआप मिटतात आणि शहराचे पाणी आतच साठवावे लागते. ओहोटी लागली की ते बाहेर पडते. धारण तलावांची पद्धत हीच. खारभूमीच्या शेतीत आगरी-कोळी गावांनी बांधाला उघाडी, म्हणजे पाणी सोडण्याचे दार, ठेवून जे पिढ्यान्पिढ्या केले, त्याचेच हे मोठ्या आकाराचे रूप आहे. ही पद्धत उत्तम आहे, एका अटीवर: भरतीच्या वेळेला तलाव रिकामा असला पाहिजे.

भरतीची वेळ तर कोळी माणूस बोटांवर सांगतो. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास दुपारी व मध्यरात्री बाराच्या सुमारास. म्हणजे आपल्याकडे उधाणाची भरती नेहमी दुपारी आणि मध्यरात्रीच येते. पावसाळ्यात दिवसाचे उधाण रात्रीच्या मानाने मोठे असते. मुंबईसाठी साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या तारखा वर्षभर आधी छापलेल्या मिळतात. पाऊस कधी कोसळेल ते कोणी छापून देत नाही, पण झडपा कधी मिटलेल्या असतील ते छापलेले आहे. त्या तारखांना कोणत्या पंपावर कोण असेल, कोणाची रजा मंजूर होणार नाही, हे जानेवारीत ठरवता येते.

इथे एक तांत्रिक सापळा आहे आणि त्यात चांगले अधिकारीही अडकतात. भरतीच्या तक्त्यातला शून्य आणि शहराच्या नकाशातला शून्य एक नाही. तक्ता सागरी नकाशाच्या आधारपातळीवरून मोजतो. शहराच्या पातळ्या सरासरी समुद्रसपाटीवरून मोजलेल्या असतात. मुंबईत या दोहोंत सुमारे अडीच मीटरचा फरक आहे. साडेचार मीटरची भरती म्हणजे नकाशावर सुमारे दोन मीटर. एका विभागाने ‘साडेचार’ म्हणायचे, दुसऱ्याने आपल्या रस्त्याची पातळी ‘तीन’ सांगायची आणि बैठकीत सगळ्यांनी घाबरायचे किंवा निर्धास्त व्हायचे, दोन्ही चूक. प्रत्येक मोरीवर, तलावावर आणि झडपेवर एकाच आधारपातळीची मोजपट्टी रंगवा. शिवाय तक्ता मुंबई बंदराचा असतो, खाडीच्या आत भरती थोडी उशिरा पोहोचते. तो फरक प्रत्येक झडपेवर दोन-चार उधाणे पाहून नोंदवता येतो.

तलावाच्या गाळाने काय बिघडते याचा उदाहरणादाखल हिशेब देतो. तीनशे हेक्टर क्षेत्राचे पाणी एका तलावात येते असे धरू. ताशी ५० मि.मी. पाऊस, त्यातले ८० टक्के पाणी वाहून येते: तासाला १ लाख २० हजार घनमीटर. तलाव पंधरा हेक्टरचा आणि वापरता येणारी खोली दीड मीटर असेल तर त्यात २ लाख २५ हजार घनमीटर मावते. तो पावणेदोन तासांहून थोड्या अधिक वेळात भरतो. त्याच तलावात अर्धा मीटर गाळ बसला की क्षमता दीड लाखावर येते आणि तो सव्वा तासात भरतो. अर्धा मीटर गाळाने अर्ध्या तासाहून जास्त वेळ गेला. उधाणाला झडपा चार तास मिटलेल्या राहिल्या आणि पाऊस तसाच राहिला, तर गाळ नसतानाही अडीच लाखांहून जास्त घनमीटर पाणी उरते. सखल सेक्टरांत भाड्याने आणून ठेवतात तो सहा इंची डिझेल पंप ताशी दीडशे घनमीटर टाकतो असे धरले, तरी तेवढे पाणी चार तासांत उपसायला सव्वाचारशे पंप लागतील. तासाला ५० मि.मी. असा चार तास पाऊस हा फार मोठा पाऊस आहे हे खरे. पण २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मि.मी. पडला, तो याच महानगर प्रदेशात.

म्हणजे खरी लढाई तलावाच्या खोलीची आहे. भाड्याचे पंप रस्त्याच्या कडेचे पाणी हलवतात, शहर वाचवत नाहीत.

तलावांत गाळ साचला आणि गाळावर कांदळवन उगवले. कांदळवनाला हात लावायचा तर २००५ च्या अंतरिम आदेशापासून आणि विशेषतः १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालापासून मुंबई उच्च न्यायालयाची परवानगी लागते, त्याआधी सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची आणि वन विभागाची. हे निर्बंध योग्य आहेत असेच आमचे मत आहे. खाडीकाठचे कांदळवन लाटा आणि गाळ अडवते, ते गेले तर झडपांची तोंडे अधिक वेगाने बुजतील. पण तलावाच्या तळातला साठवणीचा भाग आणि खाडीकाठचे जंगल यांत फरक आहे, आणि तो फरक कागदावर दाखवण्याचे काम महापालिकेचे आहे. एकेका तलावासाठी वेगवेगळा, अपुरा प्रस्ताव पाठवून प्रत्येक वेळी त्रुटींची पत्रे घेत बसण्यापेक्षा सर्व तलावांचा एकच प्रस्ताव हवा: खोलीचा नकाशा, झाडांची मोजणी, कोणता पट्टा मोकळा करायचा आणि कोणता तसाच ठेवायचा, गाळ कुठे जाणार, बदल्यात लागवड कुठे. सिडकोकडे मूळ आराखड्यांतल्या तळपातळ्या आहेत. त्या जोडल्या नाहीत तर ‘मूळ खोली किती होती’ या पहिल्याच प्रश्नावर प्रस्ताव परत येतो. ठाणे खाडीचा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि पक्षी मे महिन्यापर्यंत असतात, म्हणून तोंडाकडची कामे लहान यंत्रांनी, भरतीच्या वेळा पाहून आणि वन विभागाच्या माणसाला बरोबर घेऊनच करावी लागतील. त्याचेही वेळापत्रक आत्ताच ठरते.

झडपांची तपासणी फार सोपी आहे आणि फार क्वचित होते. ओहोटीला झडप हाताने किंवा पहारीने उचलून पाहा. बिजागरी गंजली असेल तर ती जड जाते. उंबरठ्यावर गाळ, बाटली किंवा लाकडाचा ओंडका असेल तर ती पूर्ण मिटत नाही. मग भरतीच्या वेळी आतल्या बाजूला उभे राहा: पाणी आत येताना दिसले तर रबरी पट्टी गेली आहे. बिजागरीच्या खिळी, बुश आणि रबरी पट्ट्या यांचा प्रत्येक मापाचा एक जादा संच भांडारात असावा. काही ठिकाणी झडप अडकते म्हणून तिला साखळीने वर बांधून ठेवतात. ती एक बांधलेली झडप उधाणाला सगळा तलाव खाडीच्या पाण्याने भरून टाकते, पाऊस पडण्याआधीच.

पंपांच्या बाबतीत महावितरणशी समन्वय तुटला की सगळे तुटते. पाणी वीज उपकेंद्रात किंवा रोहित्राच्या पेटीत शिरले की सुरक्षिततेसाठी पुरवठा बंद करावाच लागतो. त्याच वाहिनीवर पंपगृह असेल तर पाणी वाढल्यामुळे वीज जाते आणि वीज गेल्यामुळे पाणी वाढते. पंपगृहाला स्वतंत्र वाहिनी द्या, नियंत्रण पेटी ज्ञात पूररेषेच्या वर उचला, आणि जनरेटर रिकामा फिरवून नव्हे तर पंप जोडून पूर्ण तासभर चालवून पाहा. सव्वाशे केव्हीएचा संच चांगल्या भारावर तासाला वीस लिटरच्या आसपास डिझेल पितो. दोन दिवसांना हजार लिटर लागतील. पूर आल्यावर टँकर त्या पंपगृहापर्यंत पोहोचत नाही, म्हणून ते डिझेल आधीच तिथे असावे.

इशाऱ्याचे काय करायचे, हाही लिहून ठेवण्याचा विषय आहे. हवामान विभागाच्या भाषेत चोवीस तासांत ११५.६ ते २०४.४ मि.मी. म्हणजे अतिजोरदार, त्यापुढे अत्यंत जोरदार. पण दिवसभरात सावकाश पडलेले १२० मि.मी. नाले सहज वाहून नेतात आणि उधाणाच्या दोन तासांत पडलेले १२० मि.मी. शहर बुडवतात. म्हणून प्रत्येक विभाग कार्यालयावर दर पंधरा मिनिटांची नोंद करणारे पर्जन्यमापक हवे आणि ती नोंद, मोजपट्टीची पातळी आणि भरतीची वेळ एकाच टेबलावर दिसायला हवी. पातळी ठरलेल्या खुणेला लागली की कोणी काय करायचे ते आधीच ठरलेले असावे: पहिल्या खुणेला पंप सुरू, दुसरीला भुयारी मार्ग दोन्ही तोंडांना बंद, तिसरीला सखल वसाहतींतल्या लोकांना शाळांत हलवणे. भुयारी मार्गात तीस सेंटिमीटर पाणी झाले की छोटी गाडी उचलली जाऊ शकते. त्या वेळी ‘वरिष्ठांना विचारतो’ याला जागा नाही. व्हॉट्सअॅपच्या समूहावर दोनशे संदेश येतात आणि जबाबदारी कोणाचीच राहत नाही. तिथे छायाचित्रे पाठवा, आदेश मात्र नोंदवहीत वेळेसह लिहा.

आता हे सगळे एकत्र कोणी आणायचे? नवी मुंबई महापालिका ठाणे जिल्ह्यात आहे. खारघर, कळंबोली, कामोठे पनवेल महापालिकेत म्हणजे रायगड जिल्ह्यात. सिडको, एमआयडीसी आणि रेल्वे दोन्हीकडे आहेत. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ प्रमाणे जिल्हाधिकारी आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही विभागाला उपाय योजण्यास सांगू शकतात, आणि कारण नसताना आदेश न पाळणे हा गुन्हा आहे; पण तो अधिकार जिल्ह्याच्या सीमेवर थांबतो. दोन्ही जिल्हे ज्यांच्याकडे येतात ते कोकण विभागीय आयुक्त बेलापूरच्या कोकण भवनातच बसतात. नालानिहाय वह्यांचे मालक त्यांनी व्हावे, दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्या मागवाव्या आणि कोणाचा रकाना रिकामा आहे ते जाहीर करावे. २०२५ च्या दुरुस्तीने महापालिका असलेल्या मोठ्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद केली आहे. ते प्राधिकरण झाले तर वह्या त्याच्याकडे जातील, पण तोवर थांबण्याची गरज नाही.

धरणांविषयी थोडेच लिहितो. बारवी आणि भातसा धरणांतून पाणी सोडले की उल्हास खोऱ्यातल्या गावांना धोका. २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, ते पाणी याच खोऱ्याचे. मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेचे, पण ते खालापूर तालुक्यात. म्हणजे विसर्गाची सूचना वेळेवर मिळावी ही अपेक्षा करणारी आपली महापालिका स्वतः दुसऱ्या जिल्ह्यातल्या गावांना तीच सूचना देण्यास बांधील आहे. दरवाजे उघडण्याच्या किती तास आधी, कोणत्या गावाला, कोणत्या साधनाने, हे त्या त्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर जूनपूर्वी लागलेले असावे.

पहिली संयुक्त पाहणी याच महिन्यात व्हावी आणि ती सभागृहात नको. अमावस्या किंवा पौर्णिमेनंतरच्या द्वितीया-तृतीयेला सकाळी साडेसातच्या सुमारास खाडी खाली असते. तेव्हा झडपेचा उंबरठा, तोंडाकडचा गाळ आणि मोरीचा तळ उघडा दिसतो. महापालिका, सिडको, एमआयडीसी, रेल्वे, वन विभाग आणि महावितरण यांचा प्रत्येकी एक निर्णय घेऊ शकणारा अभियंता, एक लेव्हल, एक मोजपट्टी, गमबूट आणि कोरी वही घेऊन त्या वेळी झडपेपाशी जमावे आणि तिथून डोंगराकडे चालायला सुरुवात करावी.

आपले,
नाले, पंप आणि खाडीकाठच्या कामांतले काही अभियंते व पर्यवेक्षक
वाशी-नेरुळ, नवी मुंबई